मागच्या खोलीत वाय-फायची रेंज येत नाही: एक्स्टेंडर, मेश की सरळ केबल?

मागच्या खोलीत नेट रडतंय, व्हिडिओ कॉल मध्येच अडकतोय, म्हणून आता काहीतरी विकत घ्यायचंच असं तुम्ही ठरवलं असेल, तर आधी दहा मिनिटं काढा. एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा), मेश (घरभर ठेवलेल्या, एकत्र चालणाऱ्या डब्यांचा संच) आणि केबल हे तिन्ही मी वापरलेत. दुखणं भलतीकडेच असेल तर तिन्हींचे पैसे वाया जातात.

लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरशेजारी बसलात तर उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येतं. माझ्या मागच्या खोलीत मात्र आकडे यायचे ते असे: ४, ६, ३१०, ५ आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच नाही. म्हणजे गडबड घरातल्या वाय-फायचीच होती. तुमच्याकडे राउटरपर्यंतचा पिंग व्यवस्थित जातोय आणि तरीही काही उघडत नसेल, तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहा, नाहीतर थेट नेटवाल्याकडे तक्रार करा. तिथे मेश लावून काही होणार नाही.

वाय-फायचीच गडबड निघाली तरी आधी बिनखर्चाचं करून घ्या. राउटर टीव्हीमागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी असेल ते निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे तो चालू असतानाच नेट अडखळत असेल तर कारण सापडलं. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. फोनवरच्या वाय-फाय अॅनालायझरमध्ये उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास आकडा मिळाला तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० दिसला, की मग खरेदीचा विचार करा.

एक्स्टेंडर सगळ्यात स्वस्त, आणि मी सगळ्यात शेवटी सुचवेन तोही हाच. साध्या एक्स्टेंडरमध्ये एकच रेडिओ राउटरकडून घेतो आणि तोच पुढे फोनला देतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय बहुतेक जण तो जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावतात. त्याला स्वतःलाच रेंज मिळाली नाही तर तो पुढे काय देणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे अजून चांगली रेंज आहे तिथे.

पण माझं मन त्याच्यावरून उडालं ते वेगळ्याच कारणाने. एकदा फोनवर नेटवर्कची यादी बघत होतो, तर राउटरच्या नावाला शेपूट लावलेलं एक नेटवर्क दिसलं, आणि त्याच्यापुढे कुलपाचं चिन्हच नव्हतं. ते माझ्याच एक्स्टेंडरचं सेटअपचं नेटवर्क होतं. सेटअप संपल्यावरही ते आठ महिने उघडंच राहिलं होतं. अॅडमिन पासवर्ड कारखान्यातलाच, फर्मवेअरही (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) कित्येक वर्षं जुनं. राउटरला मी मोठा पासवर्ड लावला होता, पण या डब्यातून कुणीही आत येऊ शकलं असतं. म्हणून निवड करताना वेगाइतकंच हेही बघा, की जोडलेल्या डब्याला अपडेट येतात का आणि ती कोण टाकणार.

या बाबतीत मेश पुढे आहे. बहुतेक संच स्वतःच अपडेट होतात, सगळे नोड (संचातले डबे) एकाच अॅपमधून दिसतात, आणि घरभर एकच नाव असल्याने चालता चालता फोन जवळच्या नोडवर जातो. घेताना ट्राय-बँड बघा, म्हणजे नोडना आपसात बोलायला वेगळा पट्टा मिळतो. ड्युअल-बँडमध्ये तोच पट्टा फोनबरोबर वाटून घ्यावा लागतो. अॅपच्या खात्याला टू-स्टेप लॉगिन लावा, कारण घराच्या नेटवर्कची किल्ली आता त्या खात्यात आहे. नेटवाल्याच्या राउटरमागे मेश लावताना दोघांपैकी एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे राउटरचं काम एकच डबा करेल, नाहीतर डबल नॅटमुळे (दोन्ही डबे पत्ते बदलत राहिल्यामुळे) गेम आणि कॅमेरे त्रास देतात.

केबल ओढणं शक्य असेल तर मी डोळे झाकून केबल म्हणेन. कॅट ६ची तार १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट देते. तिला भिंतींचं काही नाही, कुणाच्या चॅनेलचंही नाही. टोकाला एक अॅक्सेस पॉइंट (तारेतलं नेट वाय-फायवर देणारा डबा) लावला की झालं. जुना राउटरही चालतो. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि तार लॅन पोर्टमध्ये खोचा. मात्र त्याला अपडेट येणं थांबलं असेल तर तो वापरू नका. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर दाराखालून चपटी केबल नेता येते. तेही जमत नसेल तर मेश.

यातलं काहीही घ्या, पण त्यात डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) हवंच. डब्ल्यूपीए२ (२००४) मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण पकडून नेता येते आणि घरी बसून पासवर्डचे अंदाज लावता येतात. २०१८च्या डब्ल्यूपीए३ने ही वाट बंद केली. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरूनच निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११पासून जगजाहीर आहे. नेटवर्कचं नाव लपवण्यात आणि मॅक फिल्टरमध्ये (ठरावीक उपकरणांनाच आत घेण्याची यादी) वेळ घालवू नका, दोन्ही सहज चुकवता येतात.

जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३वर जोडला जात नसेल तर त्याच्या एकट्यासाठी सगळं घर डब्ल्यूपीए२वर आणू नका. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) तेवढं डब्ल्यूपीए२वर ठेवा आणि त्याला तिथे टाका. छपाईच्या वेळी फोनही क्षणभर तिकडे न्यावा लागेल, आणि गेस्टमधल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू द्यायची सेटिंग तेवढी चालू ठेवावी लागेल.