तीन भाषांसाठी घेतलेला कीपॅड : ११ महिन्यांनंतर

जुलैत फोंड्यात सलग चार दिवस पाऊस कोसळत असताना माझ्या १५ बटणांच्या डिस्प्ले कीपॅडवरील, म्हणजे बटणांवर बदलती चित्रे दाखवणाऱ्या छोट्या कीपॅडवरील, खालच्या ओळीतली दोन चित्रे धुरकट झाली. प्रत्येक बटणाला स्वतंत्र पडदा असतो असा माझा समज होता. प्रत्यक्षात या कीपॅडमध्ये एकच एलसीडी पॅनल आहे आणि त्यावर पारदर्शक बटणे बसवलेली आहेत. त्यामुळे दोन बटणांसाठी अख्खा कीपॅड बदलावा लागेल, आणि आत ओलावा आढळल्याने वॉरंटी लागू होणार नाही, असे सेवा केंद्राने सांगितले. त्यावर पाण्याचा एक थेंबही सांडलेला नव्हता. गोव्यात विकलेल्या वस्तूला इथली पावसाळी हवा सोसत नसेल, तर ते पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे, असे मी दोनदा लेखी कळवले. दोन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर आले. साडेतेरा हजार रुपये मोजणाऱ्याला हे उत्तर पुरेसे नाही.

मी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत भाषांतर व डीटीपी (छपाईसाठी मजकुराची मांडणी) करतो. मॉस्कोच्या आर्तेमी लेबेदेव स्टुडिओचा ऑप्टिमस मॅक्सिमस हा कीबोर्ड २००८ साली बाजारात आला, तेव्हापासून हे वेड डोक्यात होते. त्याच्या ११३ कळांपैकी प्रत्येकीवर ४८ बाय ४८ पिक्सेलचा ओएलईडी पडदा होता. भाषा बदलली की अक्षरेही बदलत. किंमत दीड हजार डॉलरांच्या वर असल्याने तो विचार तेव्हाच सोडला होता.

आज वाटते, अक्षरांसाठी तो खर्च व्यर्थच गेला असता. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळरचनेत ‘र’ जे वर आणि ‘ळ’ शिफ्ट धरून एन वर, हे बोटांना पाठ आहे. कळेकडे पाहायला मान खाली घातली की वेग तिथेच जातो.

मला सर्वाधिक त्रास मात्र भाषाबदलाने दिला. कोणता प्रोग्रॅम उघडा आहे हे माझ्या कीपॅडला कळते, कोणती भाषा चालू आहे हे कळत नाही. आल्ट-शिफ्टने मराठीवर आलो तरी बटणांवर इंग्रजीचेच पान, म्हणजे चित्रांचा संच, राही, आणि कित्येकदा मजकुरात भलतेच चिन्ह उमटे. सहा महिने हे सोसल्यावर विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट देता येतो हे लक्षात आले. आता एकच बटण त्या भाषेचा शॉर्टकटही पाठवते आणि कीपॅडचे पानही उलटते. नियम एवढाच, की भाषा टास्कबारवरून कधीही बदलायची नाही.

त्यानंतर कीपॅडबद्दलचे माझे मत बरेच बदलले, आणि त्याचे श्रेय पोर्तुगीज अमदानीतल्या खरेदीखतांना व वाटणीपत्रांना जाते. भाषांतरात नावे मूळ लेखनाप्रमाणेच ठेवावी लागतात. गोन्साल्विशमधील शेपटीवाल्या सी (ç) साठी आल्ट धरून ०२३१ आणि जुवांवमधील लाटेच्या चिन्हाच्या ए (ã) साठी ०२२७ टाइप करताना मी वारंवार अडखळत असे. महिन्यातून चारदा लागणारे असे चिन्ह बोटांना कधीच पाठ होत नाही. तिथे बटणावर ते डोळ्यांना दिसणे खरोखर उपयोगाचे आहे. गेल्या महिन्यातले ४० पानांचे वाटणीपत्र मी एकदाही कोड न शोधता पूर्ण केले.

सेवा केंद्राची वाट न पाहता मी कीपॅड ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवला. एका बटणावरचे धुरकटपण गेले. दुसऱ्याच्या कडेला डाग राहिला आहे. तिथे मी कॅल्क्युलेटर ठेवला, कारण ते बटण चित्र न पाहताही सापडते. वॉरंटीचा एक महिना उरला असल्याने तिसरे पत्र उद्या पाठवत आहे.