स्वप्नाचा फॉर्म भरून घेतात आणि तोच आपल्यावर वापरतात : नागपुरातल्या व्हिज्युअलायझेशन वर्कशॉपचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकील म्हणाले की नाव टाकू नका. पण पद्धत तर सांगू शकते ना, आणि माझ्या मते पद्धतच महत्त्वाची आहे, कारण पोस्टरवरचा सर बदलतो, हॉटेल बदलते, बाकी सगळं तेच.

मी त्रिमूर्तीनगरात घरून डबे देते, बरीच वर्षं झाली. हॉस्टेलची पोरं, आयटी पार्कवाले, दोनतीन एकटे आजीआजोबा. लक्ष्मीनगरकडे छोटा गाळा घेऊन पोळीभाजी केंद्र टाकायचं हे डोक्यात कधीचंच होतं, त्यासाठी आरडी सुरू होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींनी लिंक पाठवली, ‘तुमचं आयुष्य आधी मनात बघा, मग जगा’, वर्धा रोडवरच्या हॉटेलात व्हिज्युअलायझेशनचं, म्हणजे पाहिजे ते डोळे मिटून मनात बघण्याचं, एक दिवसाचं वर्कशॉप, फी फक्त ४९९, जेवण त्यात. आता ४९९ मध्ये हॉटेलचं जेवणच निघते म्हणून गेले, खोटं कायले बोलू.

मे महिना, बाहेर डांबर वितळून राहिलं होतं आणि आत एसी असा की शाल लागावी. दारं बंद, मोबाईल पिशवीत, मोठ्या आवाजात म्युझिक. श्वास घ्या, डोळे मिटा, पाच वर्षांनंतरची तुमची सकाळ बघा, काय घातलं आहे, कसला वास येतो आहे, कोण हाक मारते आहे. बायका रडत होत्या, माणसंही रडत होती. ते रडणं खोटं नव्हतं हे मी आजही म्हणीन, दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या माणसाला कोणी अर्धा तास विचारलं की तुला काय पाहिजे तर डोळ्यात पाणी येणारच. मात्र मधेच उठून ‘माझं घर झालं, माझी गाडी झाली’ सांगणाऱ्या ज्या ताई होत्या त्या नंतर मला त्याच लोकांच्या रायपूरच्या व्हिडिओत दिसल्या, तिथं त्यांचं घर रायपुरात होतं.

आता मुख्य गोष्ट. जेवणानंतर एक फॉर्म दिला, चार पानांचा, चकचकीत कागद, नाव ‘माझं स्वप्नपत्र’. पहिलं पान साधं, काय पाहिजे, कधीपर्यंत. दुसऱ्या पानावर अगदी बारीक लिहायचं, रंगासकट, कारण ‘युनिव्हर्सला डिटेल लागते’. मी लिहिलं, दहा बाय बाराचा गाळा, बाहेर पिवळा बोर्ड, त्यावर सासूबाईंचं नाव, कारण पोळ्या त्यांनीच शिकवल्या. तिसऱ्या पानावर प्रश्न होते की या स्वप्नासाठी आज तुमच्याकडे किती रक्कम बाजूला आहे, ती कुठे आहे, एफडी, आरडी, सोनं, आणि घरात तुम्हाला कोण मागे ओढते, ते काय वाक्य बोलतात, जसंच्या तसं लिहा. सर म्हणाले हे ‘ब्लॉक’ आहेत, लिहिले की मोकळे होतात. शेवटच्या पानावर सही आणि मोबाईल नंबर. फॉर्म परत जमा करायचे, म्हणे त्यावर ते एनर्जी वर्क करतील. सगळ्यांनी दिले. मी देताना तिसऱ्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला, कारण बोर्डाचं डिझाईन त्याच पानावर काढलं होतं. तोच फोटो आज आयोगात कामाला येऊन राहिला आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन, एक गोड आवाजाची मुलगी, स्वतःला ‘ड्रीम कोच’ म्हणवणारी. ‘मॅडम, डोळे मिटा, तो पिवळा बोर्ड दिसतो आहे का, सासूबाईंचं नाव वाचा बरं मला.’ अंगावर काटा येतो ना अशा वेळी, आला. मग नव्वद दिवसांचा प्रोग्रॅम, ४५ हजार, आज रात्री बारापर्यंत, उद्यापासून ७५. मी म्हटलं यांना विचारून सांगते. तर ती अगदी हळूच म्हणते, ‘मॅडम, विचारा ना, पण तुम्हीच लिहिलं आहे की ते दर वेळी म्हणतात, थांब जरा, पुढच्या वर्षी पाहू. आज काय म्हणतील असं वाटते तुम्हाला?’ म्हणजे नवऱ्याचं वाक्य माझ्याच अक्षरातलं, आणि मलाच वाचून दाखवून राहिली. पुढे, ‘आरडीत जे आहे त्यातले तीस आज, बाकीचे इन्स्टॉलमेंट.’ माझ्या पैशाचा हिशोब माझ्या घरात माझ्या नवऱ्यालाही एवढा तोंडपाठ नव्हता.

त्या मे महिन्याच्या बॅचमधल्या ज्या ज्या लोकांशी मी नंतर बोलले त्या सगळ्यांना त्यांच्याच फॉर्मातली वाक्यं ऐकवली गेली होती. एका काकांना वारलेल्या बायकोचं नाव घेऊन. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते, कारण शेवटी मी हो म्हटलंच. ४५ हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणून ८,१०० वेगळे घेतले, एकूण ५३,१००. पावती आली त्यावर ‘एनर्जी एक्स्चेंज’ लिहिलेलं आणि जीएसटी नंबरच नाही. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असते, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होते, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावाने आहे ते कोणालाही फुकट दिसते. टॅक्स घेतला पण नंबर नाही तर तो टॅक्स गेला कुठे हा प्रश्न मी त्यांना मेलवर विचारला, आजपर्यंत उत्तर नाही. आणि ते ‘इन्स्टॉलमेंट’ म्हणजे त्यांच्याकडे हप्ते भरायचे असं आपल्याला वाटते, तसं नसते. ‘सीट व्हेरिफिकेशन’ म्हणून पॅन आणि आधारचा ओटीपी मागितला आणि त्यावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज माझ्या नावाने उचललं, ते पैसे एकरकमी वर्कशॉपवाल्यांच्या खात्यात. म्हणजे कोर्स सोडला, सर पळाला, काही झालं तरी हप्ता मी भरायचा, नाही भरला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, माझा खराब. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा ॲपवरच्या कर्जात आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च एका जागी लिहिलेला कागद, द्यावं लागते, आणि एक कूलिंग ऑफ मुदत असते ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंड न भरता बाहेर पडता येते. मला ते स्टेटमेंट मेलच्या स्पॅममध्ये सापडलं, मुदत संपल्यावर.

प्रोग्रॅममध्ये काय होतं? रोज एक ऑडिओ, व्हिजन बोर्डावर मासिकातली चित्रं कापून चिकटवणं, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. गाळ्याचं डिपॉझिट किती ठेवायचं, अन्नपरवान्याचं कसं करायचं असलं काही मी कोचला विचारलं की उत्तर एकच, अडचणींचा विचार करू नका, फ्रिक्वेन्सी लो होते. एकाने रिफंड विचारला तर त्याला काढून टाकलं आणि सगळ्यांना मेसेज, ‘नकारात्मक ऊर्जेपासून ग्रुप स्वच्छ केला आहे.’ बाप्पा!

आता ते सर स्टेजवर जे ‘सायन्स’ सांगत होते त्याचं ऐका. माझी मावसबहीण अमरावतीला सायकॉलॉजी शिकवते, तिला मी सगळे स्लाईड पाठवले. पहिला स्लाईड, अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत १९५३ साली ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं होतं त्यांच्याकडे वीस वर्षांनी बाकी सगळ्यांच्या मिळून होते त्याहून जास्त पैसे होते. ताई म्हणाली असा अभ्यास कधी झालाच नाही, लोकांनी येलमध्ये शोधून पाहिलं, काहीच सापडलं नाही, तरी जगभरचे असे सर तो सांगतच राहतात. दुसरा स्लाईड अमेरिकेचा ऑलिंपिक जलतरणपटू मायकल फेल्प्सचा, की तो रोज डोळे मिटून जिंकणं बघायचा. तर ते अर्धंच आहे. त्याच्या कोचने त्याच्याकडून शर्यत मनात बघायची सवय करून घेतली होती, पण त्यात काय काय बिघडू शकते तेही होतं. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये खरंच पाणी शिरलं, काही दिसेना, तर तो हात मोजत पोहला आणि वर्ल्ड रेकॉर्ड करून जिंकला. म्हणजे जो ‘अडचणींचा विचार करू नका’ म्हणतो तो स्वतःच्याच स्लाईडच्या उलट सांगून राहिला.

ताईने अजून दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहितेच, कारण मला त्या ५३,१०० पेक्षा जास्त कामाच्या वाटल्या. कॅलिफोर्नियात फाम आणि टेलर या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, १९९९ मध्ये छापून आला. काहींना परीक्षेत मस्त मार्क मिळाले असं रोज बघायला लावलं, काहींना आपण बसून अभ्यास करतो आहे असं. दुसऱ्या गटाने अभ्यास जास्त केला आणि मार्कही त्यांनाच जास्त. आणि गाब्रिएल ओटिंगन नावाच्या जर्मन बाई आहेत, त्यांनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या बायकांवरचा अभ्यास छापला, ज्या स्वतःला सगळ्यात सडपातळ, सुंदर असं रंगवत होत्या त्यांचं वजन उलट बाकीच्यांपेक्षा कमी उतरलं. त्या बाईंची पद्धत म्हणजे आधी काय पाहिजे ते बघायचं, मग लगेच आपल्या आतलं काय आडवं येते ते बघायचं, आणि ते आलं की आपण काय करू ते ठरवायचं. याला एक कागद लागतो. फी काहीच नाही. व्हिज्युअलायझेशन म्हणजे सगळं थोतांड असं म्हणणारे पण आहेत, माझं तसं म्हणणं नाही, गाळा मला आजही दिसतो आणि बोर्ड पिवळाच आहे.

रिफंडचं आता. पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘रिझल्ट नाही तर १००% पैसे परत’. अट अशी की नव्वदही दिवस पहाटे पाचच्या आत डायरीच्या पानाचा फोटो त्यांच्या पोर्टलवर टाकायचा, एक दिवस चुकला की गॅरंटी रद्द. पहाटे पाचला माझ्या तव्यावर पोळ्या असतात, तरी मी टाकले. मग मधेच पोर्टल ‘मेंटेनन्स’साठी बंद. सुरू झाल्यावर स्क्रीनवर लाल अक्षरात, ‘तुमची साखळी तुटली आहे.’ सगळ्यांचीच तुटली, एकाच दिवशी! मी चिडून फोन केला तर म्हणे खऱ्या इच्छेला रस्ता सापडतो. आणि वर ऑफर, तीन जणांना जॉईन करा, तुमची फी निघून जाईल. तेव्हा कळलं की आमच्या वहिनींनी ती लिंक एवढ्या प्रेमाने का पाठवली होती. त्यांच्याशी अजून जिन्यात बोलणं होते, पण जपून. माणसं जोडण्याच्या पैशावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांवर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत बंदी आहे, हे त्यांनाही मी सांगितलं, त्या म्हणाल्या आपण तर फक्त रेफर करतो.

मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली. त्यांनी कंपनीला पाठवली, कंपनीने पुढच्या कोर्सचं कूपन देऊ केलं, मी नाही म्हटलं. कर्जाची तक्रार फायनान्स कंपनीला लेखी दिली, तीस दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यांचा नंबर १४४४८. हप्ते मात्र भरून राहिली, सिबिल खराब झाला तर उद्या गाळ्यासाठी कर्ज कोण देईल. आणि मग ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर, ऑनलाईन केस टाकली, जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. यात ‘फसव्या जाहिराती’वर जोर दिला आहे, स्वप्न पूर्ण झालं नाही यावर नाही, कारण वकील म्हणाले स्वप्नावर वाद घातला तर तो सर दिवसभर बोलेल, पोस्टरवरच्या १००% वर तो बोलू शकत नाही.

तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि एकसारखी तक्रार असलेले लोक आयोगाच्या परवानगीने एकत्रही येऊ शकतात. म्हणून त्या बॅचमधले कोणी हे वाचत असाल तर पावती, कर्जाचा मेसेज आणि फॉर्मचा एखादा फोटो काढला असेल तर तो शोधा. पोर्टल बंद होतं त्या सगळ्या दिवसांचे स्क्रीनशॉट माझ्याजवळ नाहीत, कोणाजवळ असले तर तेच आधी पाहिजेत, कारण कंपनीने उत्तरात लिहिलं आहे की पोर्टल कधी बंद नव्हतंच.