सोरायसिसची 'जडीबुटी': ७१,४५० रुपये आणि वर हॉस्पिटल

सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठतात तो आजार. त्याच्या पुड्यांवर किती गेले तो आकडा आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. नोंदणी १,१०० रुपये. 'कोर्स'चे तीन हप्ते, प्रत्येकी १८,५००. तेल २,४००. शेवटी 'सुवर्णयुक्त' म्हणून वेगळी पुडी, १२,४५०. एकूण ७१,४५०. हॉस्पिटलचं बिल १,३८,६०० झालं, ते यात धरलेलं नाही. मी पतसंस्थेत वसुलीला आहे. दिवसभर लोकांच्या थापा ऐकायच्या हाच माझा धंदा, त्यामुळे ऑफिसात हे अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

"शिकलेला माणूस फसलाच कसा?" असं विचारणाऱ्यांनी आधी डोक्यात सोरायसिस घेऊन एक उन्हाळा काढावा. काळा शर्ट घालायची सोय नाही. सलूनवाला माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढायचा. अरे बाबा, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. त्वचेच्या डॉक्टरांची मेथोट्रेक्झेटची गोळी चालू होती, आठवड्यातून एकदा, अधूनमधून लिव्हरची तपासणी. चट्टे कमी होत होते. पण मुळापासून जाईल का म्हणून विचारलं की डॉक्टर म्हणायचे, आटोक्यात राहील. हे 'आटोक्यात' ऐकून ऐकून माणूस वैतागतो. त्यात लिव्हरची भीती. मेव्हण्याच्या ओळखीतला एक जण 'ठणठणीत' झाला होता, त्यानेच एका 'वैद्या'चा नंबर दिला.

हा 'वैद्य' महिन्यातून एका रविवारी पुण्यात स्वारगेटजवळच्या लॉजवर बसायचा. बाकी थाट तुम्हाला माहीतच आहे: भिंतीवर फोटो, बाहेर रांग, रोख पैसे, पावतीवर फक्त 'सेवा'. पण तेल खरं होतं हो! काळ्या कुड्याची पानं खोबरेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळट होतं. माझ्या आजीकडेही ते असायचं. बाटली उजेडात धरली, तोच रंग दिसला, आणि बाकी सगळंही खरंच असणार असं वाटलं. ओळखीची वस्तू पुढे ठेवून गळ टाकतात ती अशी.

आता तो क्षण. वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधता बांधता तो म्हणाला, "सकाळी खाऊनच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. आणि मनाने एकदम बंद करायची नाही. बंद करताना मला विचारायचं, थोडी थोडी कमी करत आणायची."

मी काय म्हटलं असेल? "किती काळजीने सांगतात बघ," असं बायकोला म्हटलं. त्रिफळा, गुळवेल, कडुनिंब कधी कोणी थोडं थोडं कमी करत बंद केलंय का? असं कमी करत आणायचं औषध एकच माझ्या घरात येऊन गेलं होतं, वडिलांच्या दम्यासाठी, स्टिरॉईडचं. डॉक्टरांनी अगदी हीच वाक्यं सांगितली होती आणि ती कागदावर लिहून मीच कपाटाला चिकटवली होती. तरी लॉजच्या त्या खोलीत डोक्यात उजेड पडला नाही. आणि पडणार तरी कसा, आठवड्याच्या आत कोपरावरचे खवले गळून कातडी मऊ दिसायला लागली होती! चट्टा विरघळताना बघणारा माणूस प्रश्न विचारत बसत नाही.

पुढे भूक वाढली, गाल वर आले. जो भेटेल तो म्हणायचा, "तब्येत मस्त झाली." बायकोने एकदा म्हटलं, तुमचं तोंड सुजल्यासारखं दिसतंय. मी तिच्यावर चिडलो. तुमच्या घरी कोणाचा चेहरा 'आयुर्वेदिक' पुडीवर असा गोल होत असेल तर शुगर आणि बीपी उद्याच तपासा.

तिसरा हप्ता आणि सुवर्णयुक्त पुडी घेतल्यावर तो लॉजवर यायचा बंद झाला. फोन बंद. पुड्या संपत आल्या, संपल्या. मग अंगभर लाल, त्यावर पुवाचे बारीक बारीक फोड, थंडी वाजून ताप, शुगर ३१२. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "कुठली पुडी खात होता?" राखून ठेवलेली पुडी ६,५०० रुपये भरून खासगी प्रयोगशाळेत दिली. डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉईडच. दुकानात त्याची गोळी चिल्लरीत मिळते.

म्हणून सांगतो, अशी पुडी चालू असेल तर हे वाचून रागाने फेकून देऊ नका. ती घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. एकदम थांबवली की काय होतं ते मी भोगलंय.

आता सरकारी तमाशा. औषध खात्याच्या कार्यालयात म्हणाले, वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला उत्पादनाचा परवाना लागत नाही. म्हटलं, तो वैद्यच नाही, नोंदणी कुठेच नाही. मग म्हणे हा बोगस डॉक्टरचा विषय, पालिकेच्या आरोग्य विभागात जा. तिथे म्हणाले, दवाखाना कुठाय? लॉज? लॉज म्हणजे दवाखाना नाही, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, तो बोगस आहे असं आरोग्य विभागाकडून लेखी आणा. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला तर 'खासगी आहे, नमुना आमच्या माणसाने घ्यायला हवा.' नमुना घ्यायला माणूस पाठवा म्हटलं, तर 'तो आता बसतो कुठे ते तुम्ही कळवा.' १९५४चा जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे, बोगस डॉक्टरांसाठी १९६१चा राज्याचा कायदा आहे. कायद्यांना तोटा नाही, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद सरकवणाऱ्याचा तोटा आहे.

कळस तर पुढेच. 'रेकॉर्डसाठी' म्हणून त्याने माझ्या पाठीचे फोटो काढले होते. परवा एका मित्राने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली: नवा नंबर, नवं गाव, 'आधी' आणि 'नंतर'. दोन्ही पाठी माझ्या, डाव्या खांद्याखालच्या मोठ्या तिळासकट! चौकीत नेऊन दाखवली. हवालदार म्हणाले, "चेहरा दिसत नाही, तुमचीच पाठ कशावरून?" भर चौकीत शर्ट वर करून तीळ दाखवला. "अर्ज ठेवून जा," म्हणाले.

नैसर्गिक उपायांवर माझा राग नाही. खोबरेल आजही लावतो, कोवळ्या उन्हात बसतो, कातडी मऊ राहते. पण वैद्याकडे जायचं तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि बाजारातलं औषध घेताना डबीवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख बघा. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडून उठा. पैसे कधीच रोख देऊ नका. एक पुडी न उघडता बाजूला ठेवा. सोरायसिस 'मुळापासून, गॅरंटीने' म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा, मग ओळख मेव्हण्याची असो नाहीतर देवाची.

माझ्याकडे पुडी आहे, पण औषधाचं बिल नाही. त्याच लॉजवरून कोणी ऑनलाइन पैसे भरून घेतलं असेल तर कळवा. दुसरा तक्रारदार आला तर अर्ज पुढे सरकेल, असं खुद्द चौकीतूनच सांगितलंय.