जिंजरब्रेड घराचा तयार संच: भिंती मजबूत, आयसिंग पातळ

डब्यात जिंजरब्रेडच्या (आल्याच्या चवीच्या बिस्किटाच्या) चार भिंती, छपराचे दोन तुकडे, ते जोडायला आयसिंगची (साखरेच्या लेपाची) पूड आणि रंगीत गोळ्या. बिस्किटं कडक, कडा सरळ. तिथं तक्रार नाही. घोळ आयसिंगचा. पाकिटावर लिहिलेलं पाणी एकदम ओतलं की आयसिंग ओघळतं आणि भिंती सरकतात. पाणी थेंबाथेंबाने घाला. चमचा उचलल्यावर आयसिंगचं टोक ताठ राहायला हवं. भिंतींना बाहेरून वाट्यांचा टेकू द्या, तासभर हात लावू नका, छप्पर त्यानंतरच. तीन-चार वर्षांच्या पोरांना एवढा धीर कुठला! सांगाडा आदल्या रात्री मोठ्यांनीच उभारावा, सकाळी मुलांकडे फक्त सजावट. गोल कडक गोळ्या मात्र आधीच काढून ठेवा, घशात अडकतात. सोबतची आयसिंगची पिशवी दाबताच शिवणीवर फाटते. जाड पिशवी हाताशी असू द्या.