मुलींची शाळा की सहशिक्षणाची शाळा? दोन लेकींच्या अनुभवातून

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, त्यामुळे शाळा निवडण्याचा खरा प्रश्न पालकांपुढे पाचवीच्या वेळी उभा राहतो. आमच्या घरी तो दोनदा उभा राहिला आणि आम्ही त्याला दोन वेगळी उत्तरे दिली. थोरली डिचोली तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या सहशिक्षणाच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली. धाकटीला आम्ही शहरातील केवळ मुलींच्या शाळेत घातले. अभ्यासक्रम तोच, पर्वरीच्या राज्य शिक्षण मंडळाची दहावीची परीक्षा तीच, आणि मनापासून शिकवणारे शिक्षक आम्हाला दोन्हीकडे भेटले, म्हणून त्याविषयी येथे काही लिहीत नाही. सराव, मैदान, रंगमंच, सण आणि स्पर्धा असे जे शाळेचे वर्गाबाहेरचे जग असते, त्यात मुलीच्या वाट्याला नेमके काय येते, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

गावाजवळच्या शाळेच्या बाजूने बरेच काही सांगता येते आणि ते मी हातचे राखून सांगणार नाही. थोरली सकाळी पावणेसातला उठून तयार होत असे आणि बालरथ, म्हणजे शाळेची बस, घराजवळून तिला घेऊन जात असे. वर्गातल्या निम्म्या मुलांची घरे आम्हाला ठाऊक होती. धाकटीला मात्र साडेपाचला उठावे लागे आणि वाटेत एक बस बदलावी लागे. पावसाळ्यात ती ओल्या मोज्यांनीच वर्गात बसे, आणि पाचवी-सहावीची दोन वर्षे तिच्या आईचा जीव रोज दुपारी अडीचपर्यंत टांगणीला लागलेला असे. ज्या घरी सकाळी मुलीला बसपर्यंत सोडायला कोणी मोकळे नाही, त्यांनी केवळ या कारणासाठी जवळची शाळा निवडली तर त्यांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

माझ्या मनात फरक पडला तो मात्र एका वाद्यामुळे. आमच्या घरी चतुर्थीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) यांच्या साथीने आरत्या होतात. थोरलीने लहानपणीच आजोबांच्या मांडीला मांडी लावून घुमटावर हात बसवला होता. मातीच्या घटाच्या मोठ्या तोंडावर ताणून बसवलेल्या चामड्यावर उजव्या हाताची बोटे चालवायची आणि मागच्या लहान तोंडाशी डावा तळवा उघडझाप करीत नादाला फुगवटा द्यायचा, हे तिला सातवीत असताना चांगले जमत होते. शाळेत आंतरशालेय घुमट आरती स्पर्धेसाठी पथक निवडायचे ठरले, तेव्हा तिने नाव दिले. सरांनी ते आनंदाने लिहून घेतले आणि म्हणाले, ‘‘तुझा आवाज गोड आहे, तू आरती म्हण. घुमट मुलगे वाजवतील.’’ आठवीत तेच झाले. नववीत तिला कासाळे मिळाले. तिला कोणी ‘नाही’ म्हटले नाही, कोणी दुखावले नाही, सरांच्या मनात तर तिच्याविषयी कौतुकच होते. म्हणूनच मला शाळेत जाऊन तक्रार करता येईना. कारण तक्रार करावी असे त्यात काही दिसतच नव्हते. दहावीत पथकाची यादी लागली तेव्हा तिने नावच दिले नाही. मी कारण विचारले, तर ‘‘अभ्यास आहे, बाबा,’’ एवढेच म्हणाली. ती तीन वर्षे माझ्या मनातून आजही जात नाहीत.

नीट पाहू लागल्यावर त्यामागचे एक अगदी साधे कारण माझ्या ध्यानात आले. शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटते आणि बालरथ ठरलेल्या वेळी निघतो. सराव सुरू होतो तो त्यानंतर. सायकलवाले मुलगे थांबतात, कोणी मित्राच्या मागे बसून घरी जातो. मुलींना मात्र ‘उशीर होईल, तुम्ही निघा’ असे काळजीपोटी सांगितले जाते. ज्याला रोज सराव मिळतो त्याच्याच हातात वाद्य राहते, आणि ज्याच्या हातात वाद्य असते तोच पुढच्या वर्षी शिकवायलाही उभा राहतो. चार-पाच वर्षांत ही घडी अशी बसते की ती कोणी मुद्दाम घातली होती का, हा प्रश्नच उरत नाही.

मुलींच्या शाळेत हा प्रश्न निघत नाही, कारण तेथे घुमट वाजवायला दुसरे कोणी नसतेच. धाकटीच्या शाळेचे पहिल्या वर्षीचे पथक फारसे चांगले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच आरतीत लय धावू लागली आणि एक घुमट दारावर आपटून तडकले. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यापासून शेळीचे चामडे वापरले जाते, आणि श्रावणातल्या दमट हवेत ते ढिले पडते. ते आगीशी किती अंतरावर धरले म्हणजे ताणले जाते आणि किती जवळ नेले तर करपते, हे त्या मुली हात भाजून घेत शिकल्या. २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, तेव्हा धाकटी ती बातमी वाचून दाखवायला स्वयंपाकघरात धावत आली होती. वारसा आपल्याही हाती आला आहे, असे तिला वाटले असावे.

हीच गोष्ट इतर कामांतही दिसली. चतुर्थीपूर्वी तिच्या शाळेत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या चौकटीचे, प्रात्यक्षिक झाले. घरोघरी माटोळी बांधायला वर चढतात ते बहुधा पुरुष. बायका खालून कांगलां, आंबाडे आणि सुपारीची शिपटी हातात देतात. येथे टेबलावर स्टूल ठेवून चढल्या त्या मुलीच, खालून स्टूल धरून उभ्या राहिल्या त्याही मुलीच, आणि दोर सैल पडून नारळ खाली आला तेव्हा कोणालाही हाक न मारता त्यांनी तो पुन्हा बांधला. स्नेहसंमेलनाला बाके उचलणे, पडद्याची दोरी ओढणे, ध्वनिवर्धकाची तार कोठे सुटली आहे ते शोधणे, हिशेबाची वही सांभाळणे ही सगळी कामे त्यांच्याच अंगावर पडत. थोरलीच्या शाळेत प्रत्येक वर्गातून एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन प्रतिनिधी असत, आणि ती रचना न्याय्यच होती. पण मुख्याध्यापकांकडे मैदान मागायला मुलगा जाई आणि बैठकीचे टिपण मुलगी लिहून काढी.

नाटकाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण गोव्यातील माणूस देवळाच्या उत्सवातली नाटके पाहतच मोठा होतो. आमच्या उत्सवी रंगभूमीवर एके काळी स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. मुलींच्या शाळेत ते उलटे होते: राजा, सेनापती, म्हातारा सावकार, सगळ्या भूमिका मुलीच करतात. काजळाची मिशी लावून धाकटी सावकार झाली, तेव्हा तिला पहिल्यांदा पोटातून आवाज काढावा लागला आणि रंगमंचाच्या मध्यभागी पाय रोवून उभे राहावे लागले. थोरलीने शाळेच्या नाटकांत आई, बहीण आणि राणी अशा तीन भूमिका केल्या, त्याही चांगल्या केल्या. परंतु तिन्हींमध्ये तिला बहुतेक वेळ दुसऱ्या कोणाचे तरी ऐकूनच घ्यायचे होते.

मैदानाबाबत माझे मत ठाम नाही. गावाजवळच्या शाळेचे मैदान मोठे आहे, मुलींच्या शाळेचे लहान, आणि त्यावर खो-खो व फुटबॉल एका वेळी खेळता येत नाही. तरी धाकटी जितकी खेळली तितकी थोरली खेळली नाही, एवढे मला दिसले. गाईडचे पथक दोन्हीकडे होते, शिबिरेही झाली. त्यात मला फारसा फरक जाणवला नाही.

मुलींच्या शाळेत आम्ही गमावलेली गोष्ट म्हणजे मराठी. गावाजवळच्या शाळेत भजन, दिंडी, फुगडी, गवळण हे सारे वर्षभर चाले आणि मराठी नाटक तर ठरलेलेच असे. धाकटीच्या शाळेत मराठीचा कार्यक्रम मोजक्या दिवशी होई. आम्ही घरी वाचन चालू ठेवले नसते तर तिची मराठी लेखी परीक्षेपुरतीच उरली असती. ज्यांना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, त्यांनी गावाजवळच्या शाळेचा विचार आधी करावा, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

आणखी एक शंका अनेक पालक बोलून दाखवतात: मुलींच्याच शाळेत वाढलेली मुलगी अकरावीत मुलांच्या वर्गात गेल्यावर बिचकेल. पहिले दोन महिने धाकटी खरोखरच गप्प होती आणि प्रयोगशाळेत मागच्या टेबलाशी उभी राहत होती. मग चतुर्थी जवळ आली. उच्च माध्यमिकच्या सभागृहात सरावासाठी वाद्ये आणून ठेवली होती, आणि नावे लिहून घेणारे सर यायच्या आधीच तिने घुमट उचलून गळ्यात अडकवले होते. घरी येऊन तिने हे सांगितले ते जेवता जेवता, काही विशेष घडले आहे असे न वाटता. थोरली शेजारीच बसली होती. तिने एवढेच विचारले, ‘‘आणि मुलगे?’’ ‘‘ते शामेळ घेऊन आले,’’ धाकटी म्हणाली.

एका घरातल्या दोन मुलींवरून सर्व शाळांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि सरावाला मुलींना आवर्जून थांबवून घेणाऱ्या सहशिक्षणाच्या शाळाही असतील. म्हणून पाचवीचा प्रवेश ठरवण्याआधी दोन्ही शाळांत चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात दुपारी दीडनंतर जाऊन उभे राहावे. बाके कोण उचलत आहे, घुमट कोणाच्या गळ्यात आहे आणि उशिरा थांबलेल्या मुली घरी कशा जातात, एवढे पाहावे. धाकटीच्या शाळेत एक शिक्षिका शेवटच्या मुलीची बस येईपर्यंत फाटकाशी थांबत असत. प्रवेशाच्या वेळी मी हे विचारले नव्हते, आपण विचारून घ्यावे.