स्टेज रेस निवडताय? सिंगलट्रॅकवर कुठे अडकाल आणि कुठे सुटाल

माउंटन बाइक स्टेज रेसमध्ये, म्हणजे रोज एक टप्पा अशा अनेक दिवसांच्या शर्यतीत, नाव नोंदवायचं म्हटलं की आधी तीन आकडे बघितले जातात: किती दिवस, किती किलोमीटर, एकूण किती चढ. सोबत सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट, किती टक्के तेही ठळक छापलेलं असतं आणि आपण त्यावर भुलतो. मी हल्ली आधी चौथा आकडा शोधते: स्टार्टपासून पहिलं सिंगलट्रॅक किती अंतरावर आहे, आणि तिथवरचा रस्ता सपाट आहे की चढाचा.

ही सवय एका रेसच्या पहिल्या सकाळी लागली. सगळ्यांना एकदमच सोडलं होतं. तीनेक किलोमीटर सपाट रस्ता, मग वाट चढत एकदम जंगलात शिरत होती आणि तोंडाशीच ओल्या मुळांची गुडघाभर उंच पायरी. पुढे कुणीतरी तिथे पाय टेकला. मागे पेडलमध्ये अडकवलेले बुटांचे क्लीट सुटल्याचा खटखट आवाज एकेका सायकलवरून माझ्यापर्यंत येत गेला. माझं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाजवळच्या डिरेलरपासून वीतभर अंतरावर. चढ फार अवघड नव्हता, एरवी मी तसा चढ सीटवर बसून काढते. पण अरुंद चढावर एकदा थांबलं की पुन्हा पेडलवर चढायला थोडी सपाट जागा लागते, ती तिथे नव्हती. पाय ताजे, सायकल ठणठणीत, कित्येक महिन्यांची तयारी, आणि मी सायकल ढकलत चालले होते. त्याचं वाईट अजूनही वाटतं.

ही कोंडी होते कशी, ते साध्या हिशेबाने कळतं. सिंगलट्रॅकवर रायडर एकामागून एक तीन सेकंदांच्या अंतराने गेले, तर मिनिटाला २० जण आत जातात. अवघड पायरीवर सगळे उतरून चालू लागले आणि प्रत्येकाला सहा सेकंद लागले, तर मिनिटाला १०. आता ६०० जण एकत्र सुटून सपाट रस्त्यावरून १५ मिनिटांच्या आत त्या तोंडाशी पोचले असं धरा. सगळं सुरळीत असेल तरी शेवटच्याला १५ मिनिटं थांबावं लागेल. पायरीवर चालणं सुरू झालं, तर ४५ मिनिटं. बरं, आतली रांगही एका वेगाने सरकत नाही. पेटीच्या भात्यासारखी ती ताणली आणि आक्रसली जाते. पुढच्याने वळणावर नुसता ब्रेक दाबला, तरी मागे विसाव्या माणसाला पाय टेकावा लागतो.

सुरुवातीला मोठा चढ असेल तर चित्र पालटतं. सहा किलोमीटरच्या चढावर ताशी १२ किलोमीटरने जाणारा अर्ध्या तासात वर येतो, ताशी ६ ने जाणाऱ्याला एक तास लागतो. म्हणजे तेच ६०० जण सिंगलट्रॅकच्या तोंडाशी अर्ध्या तासात विखरून पोचतात. मधल्या घोळक्याला थोडं थांबावं लागेल, पण तास-तासभर खोळंबा होणार नाही. सपाट रस्त्यावर मात्र एकमेकांच्या आडोशाने सगळे जवळपास एकाच वेगाने जातात. तिथे दहा किलोमीटर गेले तरी गर्दी फारशी सुटत नाही. म्हणून नुसतं अंतर पाहून भागत नाही. रायडरना वेगळं करणारी खरी चाळण म्हणजे चढ.

आता स्टार्टच्या पद्धती. सगळ्यांना एकदम सोडण्यात एक गोष्ट सुंदर आहे: जो आधी रेषा ओलांडेल तो पुढे, घड्याळाचा घोळ नाही. पुढच्या पन्नासात असाल तर तुम्हाला कोंडी दिसणारही नाही. मधल्या आणि मागच्या रायडरची मात्र पहिल्या तीन किलोमीटरमध्ये जागेसाठी जिवापाड धावाधाव होते. पाच-सहा दिवस पुरवायची ताकद पहिल्या दहा मिनिटांत उधळली जाते.

वेव्हमध्ये, म्हणजे गटागटाने, सोडतात तिथे हिशेब असा. वरचेच ६०० जण १००-१०० च्या सहा वेव्हमध्ये, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडले. एक वेव्ह चार मिनिटांत तोंडाशी पोचली आणि पायरीवर सगळे चालले, तरी वेव्हमधला शेवटचा सहा मिनिटं थांबतो आणि पुढची वेव्ह यायच्या सुमारास वाट मोकळी होते. एकूण वेळ तेवढाच लागतो, फक्त थांबणं जंगलातून उचलून स्टार्टच्या मैदानात आणलेलं असतं. खायला, हातपाय मोकळे करायला, लघवीला जायला तिथे जागा असते. पण इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका: तुमचं घड्याळ तुमच्या वेव्हला सोडल्यावर सुरू होतं की पहिल्या वेव्हबरोबर? आणि कटऑफची, म्हणजे ज्याआधी पोचायलाच हवं ती, वेळ कशी मोजतात? पहिल्या वेव्हपासून मोजत असतील, तर सहाव्या वेव्हमधला माणूस पेडल मारण्याआधीच ५० मिनिटांनी मागे असतो. मागच्या रायडरसाठी पूर्ण रेसचा निर्णय या एका उत्तरावर ठरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी पद्धत एकेकाला सोडण्याची, म्हणजे टाइम ट्रायल. कोंडी सगळ्यात कमी इथेच. पण ६०० जणांना २० सेकंदांच्या अंतराने सोडायचं तर ३ तास २० मिनिटं लागतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या दिवसांना ती परवडत नाही आणि सहसा प्रोलॉगपुरतीच, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या दिवसापुरतीच, राहते. एन्ड्युरो पद्धतीच्या स्टेज रेस हा वेगळाच मार्ग. तिथे फक्त उताराचे ठरावीक टप्पे घड्याळावर मोजतात आणि रायडर अंतर ठेवून आत शिरतात. चढावर दमाने जाणाऱ्या, पण उतारावर हात बसलेल्या माणसाने आधी त्याच बघाव्यात. नेहमीच्या रेसमध्ये असा माणूस चढावर मागे पडतो आणि उतारावर आपल्यापेक्षा हळू उतरणाऱ्यांच्या मागे अडकतो. त्याच्याइतकी तगमग दुसऱ्या कुणाची होत नाही.

प्रत्यक्ष रेस शेजारी शेजारी ठेवून बघू. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक २००४ पासून होते: दोघांचा संघ, एक प्रोलॉग आणि सात स्टेज. प्रोलॉगला संघ एकेक करून सुटतात आणि त्या वेळेवरून पुढच्या दिवसांचे स्टार्ट गट लागतात. म्हणजे पहिल्या छोट्या दिवशी हात राखून चाललात, तर दुसऱ्या दिवशी तुमच्यापेक्षा हळू लोकांच्या गटात उभे राहाल आणि प्रत्येक सिंगलट्रॅकवर त्याची किंमत मोजाल. त्या रेसचा प्रोलॉग मी असते तर जीव तोडून मारला असता. तिथे आघाडीच्या महिलांना वेगळं सोडतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. सगळ्यांबरोबर सोडलं की दोन महिला संघांमधली लढत मध्येच आलेल्या पुरुषांच्या रांगेवर ठरू शकते, आणि तो निकाल खरा नसतो.

कॅनडातली बीसी बाइक रेस २००७ ला सात दिवसांची रेस म्हणून सुरू झाली. तिची ख्यातीच मुळी सिंगलट्रॅकसाठी आहे. मुळं, दगड, लाकडी फळ्यांचे पूल. वेव्ह स्टार्ट असला तरी एवढ्या सिंगलट्रॅकवर एकदा चुकीच्या जागी शिरलात की बराच वेळ तिथेच राहता. एकट्याने भाग घेता येतो, हा मोठा फायदा. आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारी ट्रान्सआल्प १९९८ मध्ये दोघांच्या संघांची रेस म्हणून सुरू झाली. तिच्यात मोठे घाट आणि जंगलातले रुंद कच्चे रस्ते भरपूर. रांगेत उभं राहणं ज्यांना सहनच होत नाही, त्यांनी आधी तिचा विचार करावा, सिंगलट्रॅकची मजा थोडी कमी मिळेल हे धरून. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज गावची ब्रेक एपिक सहा दिवसांची. ते गावच सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे, आणि गर्दीचा विचार करताना ही उंची विसरू नका. ओव्हरटेक करायला पंधरा सेकंद जोर लावावा लागतो, आणि तिथल्या विरळ हवेत त्या पंधरा सेकंदांचा दम परत यायला फार वेळ लागतो.

दोघांच्या रेसबद्दल आणखी एक. केप एपिकमध्ये दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड बसतो. रांगेत तुमच्या दोघांमध्ये सात अनोळखी रायडर घुसले, की पुढचा कडेला थांबतो. तो थांबला की वाट आणखी अरुंद होते. वर ओव्हरटेक करायचं तर एकाला नाही, दोघांना जागा मागावी लागते. जोडीदार खूप वेगळ्या ताकदीचा असेल, तर कोंडीच्या रेससाठी मी एकट्यानेच नाव नोंदवायला सांगेन.

तुम्ही मधल्या घोळक्यातले असाल, सहसा बहुतेक जण असतातच, तर माझं मत स्पष्ट आहे: वेव्ह स्टार्ट, प्रत्येक वेव्हचं वेगळं घड्याळ, आणि पहिल्या सिंगलट्रॅकआधी निदान चार-पाच किलोमीटर चढ. या तिन्ही गोष्टी जुळत असतील, तर सिंगलट्रॅक ७० टक्के असो की ४०, रेस मजेची होते. रूट फाइल (मार्गाची डिजिटल फाइल) आधी मिळत असेल तर नकाशावर ते पहिलं तोंड शोधा आणि त्याआधीच्या चढाची उंची बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मिळत नसेल तर आयोजकांना सरळ विचारा.

आणि नोंदणीच्या फॉर्मवर आधीच्या रेसची वेळ विचारतात, तिथे खरी वेळ लिहा. वीस मिनिटं कमी करून लिहिली की वरच्या वेव्हमध्ये जागा मिळते, पण मग त्या मुळांच्या पायरीवर पाय टेकणारे आपण असतो, आणि क्लीटचा खटखट आवाज आपल्या मागे सुरू होतो.