सीटमागचं झाकण आधी उचला

इंग्लंडमध्ये जुनी एमजीबी गाडी घ्यायचा विचार असेल, तर बॉनेट नंतर उघडा. आधी सीटमागचा गालिचा सरकवा आणि खालचं झाकण उचला. तिथे बॅटरी असते. १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरवाल्या गाड्यांना सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, दोन वेगळ्या खोबणींत. पुढे काळे रबरी बंपर आले आणि बारा व्होल्टची एकच बॅटरी, एकाच खोबणीत. जुन्या गाडीत दोन सहाच्या जागी एक बारा बसवणारे पुष्कळ आहेत, पण म्हणून सांगाड्यातली दुसरी खोबण नाहीशी होत नाही. मला विकलेल्या गाडीला बंपर क्रोमचे, कागदावर साल १९७१, आणि खोबण एकच.

आपल्याकडे एमजी म्हटलं की आता हेक्टर डोळ्यांसमोर येते. एमजीबी त्याच नावाची, पण १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. तिच्या बंद छपराच्या भावंडासकट पाच लाखांवर निघाल्या, त्यामुळे सुटे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर अख्खा नवा सांगाडाही मिळतो. १७९८ सीसीचं साधंसरळ इंजिन, दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर; घरच्या हत्यारांनी बरंच काही जमतं. तेल थोडं गळतंच, थंडीत चोक ओढून बसावं लागतं, त्याला माझी तक्रार नाही.

बंपरचा एवढा बाऊ का, ते सांगतो. अमेरिकेचे सुरक्षेचे नियम कडक झाले, म्हणून १९७४ च्या अखेरीस कंपनीने रबरी बंपर लावले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली. वळणावर ती आधीपेक्षा जास्त कलायला लागली, दिसायलाही बोजड झाली. म्हणून क्रोमवाली महाग. रबरी बंपर काढून क्रोमचे लावणं हा काही गुन्हा नाही, उघडपणे सांगून करणारे खूप आहेत. पण इथे १९७१ च्या कुठल्या तरी संपलेल्या गाडीची चासी नंबरची पाटी आणि कागद नंतरच्या गाडीवर चढवले होते. पाटी रिव्हेटची असते. ड्रिल आणि पाच मिनिटं पुरतात.

विकणारा गृहस्थ बोलायला इतका लाघवी की चहाबरोबर केकही आला. गाडी मेव्हण्याची, त्याला आता पाठीमुळे आत-बाहेर करता येत नाही, म्हणून आपण विकून देतोय, असं त्याचं म्हणणं. नोंदणीपत्रावर नाव दुसऱ्याचं, ते मेव्हण्याचं म्हणून खपलं. (त्या कागदावर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही. बहुतेक लोक ती ओळ वाचत नाहीत.) आणि मग आला अल्बम. गाडी पूर्ण उघडून, पत्रा नागडा करून, गंज कापून, नवे तुकडे वेल्ड करून पुन्हा कशी उभी केली, त्याचे जाडजूड फायलीत ओळीने लावलेले फोटो. गडद हिरवा रंग तर आरशासारखा. एमओटीचं, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचं विचारलं, तर हसून म्हणाला, चाळीस वर्षांवरच्या गाडीला लागतच नाही.

ते खरं आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षं झालेल्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या तपासणीतून सूट आहे. माझ्या मते या बाजारातलं सगळ्यात मोठं भोक हेच. पूर्वी निदान वर्षातून एकदा एक तिऱ्हाईत माणूस गाडीखाली दिवा धरून बघायचा आणि त्याने काय लिहिलं ते सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून कुणालाही वाचता यायचं. आता २०१८ नंतरची पानं कोरी. सूट आहे म्हणजे बंदी नाही. गाडी घेण्याआधी तिची एमओटी करून घ्यायला कुणी अडवत नाही, आणि त्यासाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात. विकणारा त्याला तयार नसेल, तर केक खाऊन घरी यावं.

थंडीत बॅटरी उतरली आणि झाकण उचललं, तेव्हा एकच खोबण दिसली. अल्बम काढला. नागड्या सांगाड्याच्या फोटोत खोबणी दोन, अगदी स्वच्छ. म्हणजे फोटो माझ्या गाडीचे नव्हतेच. मग रेडिएटर पाहिला. तो पुढे सरकवलेला, जसा १९७६ च्या मध्यापासून सरकवला गेला. १९७१ च्या गाडीत तो तिथे असूच शकत नाही.

पुढचं काम जवळच्या गॅरेजवाल्याने केलं. या गाडीला छप्पर नाही, त्यामुळे दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या, म्हणजे सिल, हाच तिचा कणा. त्या नीट बदलायच्या तर मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. इथे तसं काहीच केलं नव्हतं. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवून, कडेने पुट्टी भरून, वर रंग. त्याने लोहचुंबक लावला, तो घसरून खाली पडला. मागून जॅक लावला तसं दार आणि चौकटीमधली फट वर मिटायला लागली. दार उघडं असतं तर पुन्हा लागलं नसतं, तो म्हणाला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

कायद्याचं थोडक्यात. धंदा म्हणून विकणाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. घरगुती विक्रीत ते संरक्षण नाही. मात्र गाडी वर्णनाशी जुळलीच पाहिजे आणि धडधडीत खोटं सांगितलं असेल तर दावा होतो. म्हणूनच धंदेवाले घरगुती असल्याचं सोंग आणतात. ते ओळखायची इथल्या जुन्या जाणत्यांची एक युक्ती मला फार उशिरा कळली. फोनवर गाडीचं नाव न घेता नुसतं विचारायचं, "गाडीबद्दल फोन केला होता." समोरून "कुठली गाडी?" असं आलं, की समजायचं, याच्याकडे एकाहून जास्त आहेत.

या माणसाचा फोन नंबर आणखी दोन जाहिरातींत सापडला, दोन्हीकडे वेगवेगळे नातेवाईक. ते छापून, अल्बममधल्या खोबणींचा फोटो जोडून वकिलाकडून नोटीस पाठवली. दहा हजार पौंडांच्या आतला दावा इथे छोट्या रकमांच्या न्यायालयात चालतो, आणि तिथे उभं राहायची त्याची इच्छा नसावी. गाडी परत घ्यायला त्याने नकार दिला, पण किमतीचा साधारण तिसरा हिस्सा परत केला. मी तो घेतला. सिलचं काम त्यातून जेमतेम निघतंय. ओळखीचा घोळ सरकारी नोंदणी खात्याला कळवला आहे. तिथून क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळू शकतो, म्हणजे मूळ ठाऊक नसलेली गाडी, आणि मग तिची किंमत काय राहील ते सांगायला नको. ग्राहक सल्ला केंद्रातही तक्रार नोंदवली.

गेल्या महिन्यात त्याची नवी जाहिरात दिसली. या वेळी गाडी लाल, साल १९६९, मालक वारलेले काका. खाली नागड्या सांगाड्याचे तेच फोटो, दोन खोबणींसकट.